निघून जाणाऱ्या माणसाला एवढे पैसे कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'सांगलीच्या मार्केट यार्डात बाबा आणि काकांची हळदीची अडत आहे आणि कुपवाड एमआयडीसीत हळद दळून पॅक करण्याचा कारखाना. दोन्ही भागीदारीत, बाबांचे ७० टक्के आणि काकांचे ३०. कारखान्याची उलाढाल वर्षाला १८ कोटी, कामगार ४२. ऑगस्टमध्ये मिरजेत बाबांची बायपास झाली. सहा महिने कामाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्याच महिन्यात आमचे जुने मॅनेजर दुसरीकडे गेले. मी बी.कॉम., दोन वर्षांपासून ऑफिसात हिशेब बघते. भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, तो येणार नाही. बँकेची चार कोटींची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा कायम भरलेली, व्याज ११ टक्के. गिऱ्हाइकांकडून ५ कोटी २० लाख येणं आहे. गोदामं आणि शीतगृह मिळून साडेसहा कोटींची हळद आहे, त्यातली दोन कोटींची भाव वाढेल म्हणून धरलेली. आमचे सीए म्हणतात, खाद्य कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ठरावीक मुदतीसाठी कारखान्यांचा कारभार बघतात. आठवड्यातले तीन दिवस सांगलीत, नऊ महिने, महिना अडीच लाख. काका म्हणतात, बाहेरच्याच्या हातात चाव्या द्यायच्या नाहीत. नऊ महिन्यांनी जो निघूनच जाणार, त्याला एवढे पैसे देऊन आमच्या पदरात काय पडणार? आणि बाबांना हे कसं सांगू?'
– एक वाचक, सांगली

ताई,

आधी उत्तर देते, कारणं मग. त्या गृहस्थांना घ्या. पण नऊ महिन्यांसाठी नको, सात महिन्यांसाठी घ्या, आणि नुसतं 'कारखाना सांभाळा' असं सांगून घेऊ नका. काकांची चाव्यांची भीती अगदीच खोटी नाही. तिचं उत्तर कागदावर देता येतं, त्याकडे येतेच.

'निघूनच जाणार' ही तुम्हाला त्यांची उणीव वाटते. मी त्याच गोष्टीचे पैसे देईन. कायमचा मॅनेजर नेमला की पहिल्या दिवसापासून तो मनात जुळवाजुळव करतो: काका भागीदार आहेत, भाऊ उद्या परत येईल, ताईंचा शब्द घरात किती चालतो ते अजून कळलेलं नाही, तेव्हा कुणालाच दुखवायचं नाही. एखादा गिऱ्हाईक पाच महिने पैसे थकवतो, पण तो काकांच्या साडूच्या ओळखीतला. झालं, मॅनेजर त्याला फोन करत नाही. मुदतीवर आलेल्या माणसाला ही भीड नसते. त्याला तुमच्याकडे बढती नको असते, तुमच्या घरात जागाही करायची नसते. शिवाय त्याला पुढचं काम मिळणार ते इथे काय करून दाखवलं त्यावर, त्यामुळे वेळ काढत बसणं त्याला परवडत नाही. गुऱ्हाळावरच्या गुळव्यासारखं आहे हे. हंगामापुरता येतो, पण काहिलीपाशी त्याचाच शब्द चालतो. ऊस ज्याचा तो मालकही तिथे गप्प उभा राहतो. फरक एवढा की गुळव्या आपली नजर बरोबर घेऊन जातो. तुमच्या माणसाकडून ती जाण्याआधी लिहून घ्यायची आहे.

ही पद्धत पन्नासेक वर्षांची आहे. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये ती रुळली. तिथल्या कामगार कायद्यांमुळे कायमच्या वरिष्ठाला दूर करणं वेळखाऊ आणि महाग होतं, म्हणून कंपन्या अनुभवी माणसं मुदतीवर घेऊ लागल्या. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांतून हे प्रकार तुम्ही पाहिलेले असतील. ऑगस्ट २०१७मध्ये विशाल सिक्कांनी इन्फोसिसचं प्रमुखपद सोडलं, तेव्हा प्रवीण राव या घरच्याच माणसाला हंगामी प्रमुख केलं आणि जानेवारी २०१८मध्ये सलील पारेख येईपर्यंत त्यांनी घडी विस्कटू दिली नाही. तिथे तेवढंच हवं होतं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत ७ जानेवारी २००९ला हिशेबातला घोटाळा बाहेर आला. सरकारने नेमलेल्या संचालकांना पगाराच्या पैशांपासून सुरुवात करावी लागली, आणि एप्रिलमध्ये त्यांनी कंपनीसाठी टेक महिंद्राची निवड केलीसुद्धा. ॲपलची गोष्ट तिसरी. १९९७च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरवर तोटा. सप्टेंबरात स्टीव्ह जॉब्ज हंगामी प्रमुख झाला, त्याने बहुतेक मॉडेलं बंद करून मोजकी ठेवली आणि पुढच्या वर्षी कंपनी तीस कोटी डॉलरच्या वर नफ्यात आली. (मुदतीच्या माणसाचा दाखला म्हणून जॉब्जला पुढे करणं जरा गैरसोयीचंच आहे. २००० साली त्याने नावापुढचं 'हंगामी' काढून टाकलं आणि तो राहिलाच.)

म्हणजे कामं तीन तऱ्हेची असतात: आहे ते सांभाळणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, आणि नीट बांधून दुसऱ्याच्या हाती देणं. माणूस नेमण्याआधी यातलं कुठलं हवंय ते ठरवायचं. तुमचे काका पहिलं समजताहेत, बाबा येईपर्यंत कुणीतरी बसलेलं असावं असं. तेवढंच असेल तर महिना अडीच लाख ही उधळपट्टी आहे. चाळीस-पन्नास हजारांत चांगला प्रॉडक्शन सुपरवायझर घ्या, बाकीचं तुम्ही बघा. पण तुमच्या पत्रातले आकडे वेगळं सांगतात. माझी नोकरी बँकेत लघुउद्योगांची कर्जं बघण्यात गेली, त्यामुळे पत्र वाचताना हात आधी आकड्यांकडेच गेला.

१८ कोटींची उलाढाल म्हणजे दिवसाची विक्री पाच लाखांना थोडी कमी. येणं ५ कोटी २० लाख. म्हणजे साधारण १०५ दिवसांची विक्री बाहेर अडकलेली. तुम्ही मुदत किती देता ते पत्रात नाही, पण मसाल्याच्या धंद्यात साठ दिवस बोलले जातात असं धरू. मग दीड महिना जास्त होतोय. हे १०५ दिवस ८०वर आणले तरी सव्वा कोटीच्या आसपास रोख मोकळी होते, आणि ११ टक्क्यांनी वर्षाला साडेतेरा लाख व्याज वाचतं. विक्री एक पोतंही न वाढता.

आता हळद. दळायला महिन्याला एक कोटी, सव्वा कोटीचा कच्चा माल लागत असेल, तर नवा माल फेब्रुवारीत यार्डात येईपर्यंत साडेचार कोटींचा साठा ठीकच आहे. उरलेले दोन कोटी हा कारखान्याचा साठा नव्हे, तो भावावरचा डाव आहे. सांगलीत हे कुणाला नवं नाही. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं धरून ठेवणारं आपलं गाव, तेजीची वाट बघणं इथे अंगातच मुरलेलं. आणि कधी कधी त्यात पैसे मिळतातही, नाही असं नाही. पण २००५च्या पुराने त्याच पेवांतल्या हळदीची कशी नासाडी केली तेही गावाला ठाऊक आहे. दोन कोटींवर वर्षाला २२ लाख व्याज, वर शीतगृहाचं भाडं, वजनातली घट, कीड. भाव याहून जास्त वाढला तरच तो नफा. आणि हा डाव कारखान्याच्या कॅश क्रेडिटवर खेळला जातोय, म्हणून मर्यादा कायम भरलेली. अडतीत हे चूक नाही, तो तिथला धंदाच आहे. कारखान्याच्या वहीत मात्र ते दिसत नाही. त्यामुळे कारखाना कमावतो का अडत कमावते, हे आज तुम्ही तरी सांगू शकाल का?

घरातल्या कुणाला हा प्रश्न विचारता येत नाही. बाबांनी विचारला तर काकांवर अविश्वास, काकांनी विचारला तर वाटणीची भाषा, तुम्ही विचारला तर 'कालची पोरगी'. बाहेरचा माणूस दुसऱ्या आठवड्यात सहज विचारील, कारण त्याला ठाऊकच नाही की हे विचारायचं नसतं. त्याच्याकडून मी सगळ्यात आधी हेच करून घेईन: धरलेल्या हळदीची वही वेगळी, तिच्यावरचं व्याज त्या वहीत, आणि दर महिन्याला दोन्हींचा नफा-तोटा आजूबाजूला मांडलेला. मग काकांना वाटलं तर त्यांनी ती हळद स्वतःच्या पैशांनी अडतीकडे घ्यावी. त्यातली निम्मी जरी कारखान्याच्या डोक्यावरून उतरली, तरी वर्षाला ११ लाख व्याज कमी.

दोन्ही मिळून साडेचोवीस लाख, आणि हे दर वर्षी. सात महिन्यांची फी साडेसतरा लाख. (वर जीएसटी लागेल, पण तुमच्याकडे नोंदणी असल्यामुळे तो वळता करून घेता येईल का ते सीएंना विचारा.) हा हिशेब जुळेलच अशी हमी मी देत नाही. गिऱ्हाइकं हटून बसतील, भाव पडलेला असेल. पण पैसे कशासाठी मोजताय ते तुम्हाला दिसावं आणि त्यांनाही ठाऊक असावं, म्हणून मांडला.

वसुलीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे तुमच्या हातात आहे त्याहून जास्त बळ आहे. कारखान्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) आहे ना? १८ कोटींच्या उलाढालीवर तुम्ही लघुउद्योगात बसता, आणि दळण-पॅकिंग हे उत्पादन आहे. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्यानुसार गिऱ्हाइकाने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून आणखी एक झालं. मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चच्या तोंडावर त्यांचे सीएच त्यांच्या मागे लागतात. आणि तुमचं एखादं गिऱ्हाईक २५० कोटींच्या वर उलाढालीची कंपनी असेल तर तिला ट्रेड्सवर, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर, नोंदणी बंधनकारक आहे. तिथे तिने मान्य केलेलं बिल वटवून तुम्हाला पैसे आधी मिळू शकतात, आणि पुढे तिने बुडवले तरी ते तुमच्या अंगावर येत नाहीत. अडतीच्या, म्हणजे निव्वळ व्यापाराच्या बिलांना हे संरक्षण नाही. दोन धंद्यांची सरमिसळ मोडायचं हे दुसरं कारण. कायद्याचं पत्र पहिल्या दिवशी कुणाला पाठवायचं नसतं, संबंध तुटतात. पण 'नवीन साहेब आलेत, त्यांनी नियम केलाय' असं सांगून बोलणं सुरू करता येतं. ही सोय बाबांना कधीच नव्हती.

बँकेचंही ऐका. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठा आणि येणी बघून किती उचल द्यायची तो आकडा, काढताना बँका ९० दिवसांवरची येणी बहुधा धरत नाहीत. म्हणजे तुमच्या पाच कोटींतले बरेचसे बँकेच्या लेखी नाहीतच. मर्यादा सतत भरलेली, मालक आजारी, मॅनेजर गेलेला, एवढं सगळं बँकेला दुसऱ्याकडून कळलं तर शाखाधिकारी सावध होतो. म्हणून तुम्हीच जा. नवा माणूस नेमायच्या आधी एकदा जाऊन सांगा, आणि तो आल्यावर पुढच्या तेरा आठवड्यांत किती पैसे येणार, किती जाणार याचा आठवडावार तक्ता घेऊन पुन्हा जा. असा तक्ता तुम्ही आजवर केलेला नसेल. तो गृहस्थांकडून पहिल्या पंधरवड्यात करून घ्या आणि दुसऱ्यांदा स्वतः करा. माझ्या टेबलासमोर आजारी कारखाने बरेच आले. असा तक्ता घेऊन येणाऱ्याशी मी निराळं बोलायची, एवढं सांगते.

सातच महिने का म्हणते? तुमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय फेब्रुवारी ते मे या काळात होतो: किती हळद घ्यायची, कुठल्या भावाला, आणि कुणाच्या पैशाने. नोव्हेंबरात ते आले तर तीन महिन्यांत घर ओळखतील, हंगामात बरोबर असतील, मेअखेर जातील. हंगामाच्या मध्यात निघून जाणारा माणूस घेण्यात अर्थ नाही. खरेदी संपल्यावर रेंगाळणाऱ्यालाही पैसे कशाला द्यायचे? शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्याचे तीन दिवस दोनवर आणा. ते नसलेल्या दिवशी काय काय अडतं ते तेव्हाच कळेल, आणि विचारायला ते अजून हाताशी असतील.

जुन्या मॅनेजरबरोबर काय काय गेलं याची यादी तुम्ही केलीय का? माणूस गेला म्हणतो आपण, पण त्याच्याबरोबर कुठल्या गिऱ्हाइकाला कोणता रंग लागतो, करक्यूमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) किती टक्के लागतं, राजापुरीत दुसरी कुठली हळद किती मिसळायची, कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याला कुठल्या गावासाठी सांगायचं, हे सगळं गेलेलं असतं. बरंचसं त्याच्या फोनमध्ये, उरलेलं चक्कीवरच्या जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात. हे लिहून काढायचं काम घरच्या माणसाला सुचत नाही, कारण त्याला ते माहीतच असतं. नव्याला काहीच माहीत नसल्यामुळे तो विचारत सुटतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मिश्रणाचं एक पान, प्रत्येक मशीनच्या देखभालीचं एक पान. आणि अन्न परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून जुन्या मॅनेजरचं नाव असेल तर ते याच आठवड्यात बदलून घ्या, त्यासाठी कुणाची वाट बघू नका.

आता चाव्या. काकांच्या मनात बहुतेक साखर कारखान्यावरचा प्रशासक असणार. आपल्या भागात संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक बसलेला प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलाय, आणि ते चित्र कुणालाच आवडत नाही. पण प्रशासक सहकार कायद्याने येतो, सभासदांनी बोलावलेला नसतो. या माणसाला तुम्ही बोलावताय, अधिकार तुम्ही मोजून देताय, आणि तीस दिवसांच्या सूचनेवर तुम्हीच त्याला निरोप देऊ शकता. भागीदारी कायद्याने संस्थेला बांधून घेण्याचा अधिकार भागीदारांना असतो. बाहेरच्याला तुम्ही लिहून द्याल तेवढाच. तेव्हा दोन पानांचं अधिकारपत्र करा आणि बाबा-काका दोघांची सही घ्या. त्यात रकमेच्या मर्यादा घाला. समजा दोन लाखांपर्यंतची खरेदी ते स्वतः करतील. त्यावरच्या चेकवर भागीदाराची सही लागेल. कच्च्या हळदीचा कुठलाही सौदा काकांच्या संमतीशिवाय होणार नाही. हळकुंड मोडून बघण्यात काकांचा हात सांगलीत कुणी धरणार नाही, ती जागा त्यांचीच ठेवा. कर्जाला त्यांना जामीन करू नका, ते राहणारही नाहीत. पगारी नोकर म्हणून नव्हे, व्यावसायिक म्हणून करार करा आणि टीडीएस कापा. तुमच्या गिऱ्हाइकांकडे किंवा स्पर्धकाकडे वर्षभर काम करणार नाही, हेही लिहून घ्या.

मात्र देताना हात आखडूही नका. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका यंत्रभागांच्या कारखान्यात मी उलटं झालेलं पाहिलंय. मुदतीवर मोठा माणूस आणला, दारावर पाटी लावली, पण स्टोअरची खरेदी मालकांच्या पुतण्याकडे आणि कामगारांच्या सुट्ट्या मालकांच्या घरून मंजूर. त्या गृहस्थांनी चौथ्या महिन्यात अहवाल लिहिला, नमस्कार केला आणि गेले. अहवाल उत्तम होता म्हणे. तो कपाटात आहे. पैसे फुकट गेले ते माणसामुळे नव्हे. तुमच्याकडे कामगारांना एकदा सगळ्यांसमोर सांगावं लागेल की मे महिन्यापर्यंत कारखान्यात यांचा शब्द, आणि ते काकांनी सांगितलं तर उत्तम. त्यानंतर कुणी मागच्या दाराने काकांकडे गेलं, तर काकांनी त्याला परत पाठवायचं. हे काका करतील का, हा प्रश्न मी फीच्या प्रश्नाआधी सोडवीन. ते अजिबात तयार नसतील, आणि मूळ दुखणं वाटणीचं असेल, तर हा माणूस आणूच नका. घरातला तंटा सोडवायला कुणीही महिन्याच्या बोलीवर येऊ नये.

फीबद्दल एक. सीए कदाचित सुचवतील की थोडी रक्कम निकालावर ठेवा. ठेवा, पण नुसत्या वसुलीवर नको. वसुलीवर बांधलं तर माणूस मेअखेरचा आकडा सजवण्यासाठी चांगल्या गिऱ्हाइकालाही इतका पिळेल की ते जूनमध्ये दुसऱ्याकडे जाईल. पाचवा हिस्सा राखून ठेवा. त्यातला निम्मा वसुलीवर, आणि निम्मा ते गेल्यानंतर साठ दिवसांनी, तुमचा कारखाना त्यांना फोन न करता चालतोय हे बघून द्या.

बाबांना कसं सांगायचं, यावर तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत. माझा अंदाज, पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंय. लपवू नका. बायपास झालेल्या माणसापासून धंदा लपवला की तो रात्री जागून अंदाज करत बसतो, आणि त्याचे अंदाज खऱ्यापेक्षा वाईट असतात. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून घ्या की दिवसातून किती वेळ कामाचं बोललेलं चालेल. मग त्यांना परवानगी विचारल्यासारखं न करता काम द्या. जुन्या चार-पाच गिऱ्हाइकांना फोन करून 'हे माझ्या वतीने बोलतील' एवढं बाबांनीच सांगायचं. ते दुसऱ्या कुणाला जमणारही नाही. दर शनिवारी एका पानावर सहा आकडे त्यांच्या हातात: बँकेतली शिल्लक, आठवड्याची वसुली, ९० दिवसांवरची येणी, साठा, दळण, आलेल्या तक्रारी. त्यांनी पेनने खुणा कराव्यात, प्रश्न लिहावेत, उत्तरं तुम्ही आणावीत. नव्या माणसाने बाबांना फोन करायचा नाही, बाबांनी कारखान्यात करायचा नाही. सुरुवातीला दोघेही हे मोडतील, तुम्ही कडक राहा. आणि हो, त्या गृहस्थांना बाबांच्या केबिनमध्ये बसवू नका. दुसरी खोली नसेल तर तुमच्या टेबलाशेजारी टेबल टाका. बाबांना कुणीतरी फोटो पाठवेलच, सांगली लहान आहे.

टेबल तुमच्या शेजारी टाकायचं त्याला दुसरंही कारण आहे. मेअखेर ते कुणाच्या हाती देऊन जाणार? पत्रात तुम्ही भावाचं नाव घेतलंत, तो येणार नाही असं लिहिलंत, आणि स्वतःला 'हिशेब बघते' एवढ्यात आटोपलंत. दोन वर्षं हिशेब बघितलेली, धरलेल्या हळदीचा आकडा वेगळा काढून मला लिहू शकलेली मुलगी त्या कारखान्यात दुसरी कोण आहे? करारातच लिहा की ते तुम्हाला तयार करतील. पहिले दोन महिने त्यांच्या प्रत्येक बैठकीत तुम्ही बसा. मार्चपासून बैठक तुम्ही घ्या, त्यांनी बसावं. हे तुम्हाला नको असेल तरी आत्ताच सांगा, म्हणजे ते जानेवारीपासून कायमचा मॅनेजर शोधायला लागतील. त्या शोधाला तीन-चार महिने सहज जातात, आणि माणूस निवडताना त्यांची पारख तुमच्या कामी येईल.

नेमण्याआधी एक दिवस त्यांना कारखान्यात फिरवा, त्या दिवसाचे पैसे द्या, आणि संध्याकाळी विचारा की पहिल्या महिन्यात काय करणार नाही. सगळंच करतो म्हणणारा असेल तर दुसरा बघा. ज्या दोन कारखान्यांतून ते शेवटचे बाहेर पडले, तिथल्या मालकांशी तुम्ही स्वतः बोला. 'माणूस कसा' हे विचारू नका, तिथे सगळे चांगलंच बोलतात. ते गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी बसवलेलं काय काय चालू होतं, ते विचारा. अधिकारपत्राचा मसुदा सीएंकडून दिवाळीआधी करून घ्या. तेवढ्यात काकांना तो दोनदा वाचायला वेळ मिळेल.